सुईनंतरचा अर्धा तास

"आज कोणता तालुका?"

सकाळी आवरून मी जिना उतरले की बाईंचा हा पहिला प्रश्न असायचा. त्या पडवीत, लाकडी हातांच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. पदर एका बाजूला घेतलेला, पोटाचा भलामोठा गोल उघडा, हातात इन्सुलिनचं पेन. मी म्हणायची, "साकोली." मग त्यांचं बोट बेंबीवरून डावीकडे सरकत जायचं, एका जागी थांबायचं, आणि "हं, आली साकोली" असं म्हणत त्या सुई टोचायच्या.

बाई भूगोलाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण भूगोल काही त्यांना सोडून गेला नव्हता. रोज एकाच जागी टोचू नका, जागा बदलत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लक्षात राहावं म्हणून बाईंनी आपल्या पोटावर अख्खा भंडारा जिल्हा वसवला. छातीकडे उत्तर. वर तुमसर आणि मोहाडी, त्यांच्या डावीकडे, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या उजवीकडे, लाखनी आणि साकोली, खाली पवनी आणि लाखांदूर. बेंबी म्हणजे भंडारा. भंडारा खरं तर जिल्ह्याच्या कडेला आहे, हे मी एकदा बोलून दाखवलं.

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण मुख्यालय मधात पाहिजे का नाही? सरकारनं चूक केली, मी कायले करू?"

डाव्या कुशीच्या पार टोकाला मात्र त्या कधीच टोचत नसत. पूर्वी वर्षानुवर्षं तिथेच टोचल्याने कातडीखाली गाठ झाली होती. तो गोंदिया. "तो भाग आता आपल्या जिल्ह्यात नाही. तिथी आपला हुकूम चालत नाही." हसत म्हणायच्या. पण जिल्हा तुटला तेव्हा शाळेच्या भिंतीवर त्यांनीच रंगवलेला नकाशा त्यांनाच अर्धा पुसावा लागला होता, असं शेजारच्या काकू सांगत. त्या दिवशी बाई डबा न उघडता घरी आल्या होत्या म्हणे. बाईंनी डबा न उघडणं ही गल्लीत बातमी व्हायची गोष्ट होती.

मी मूळची दिघोरीची. दहावीत असताना मला डायबेटीस झाला. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे. दुसरा, ज्यात शरीर इन्सुलिन बनवणंच बंद करतं. आईबाबांनी खूप केलं माझं. फ्रिज नव्हता तेव्हा आई मातीच्या मडक्यात, ओल्या फडक्यात माझं इन्सुलिन जपायची. पण टोचायच्या वेळी दार लावून घ्यायची. कोणी हाक मारली तर "कपडे बदलून राहिली" म्हणायची. पोरीची जात, पुढे लग्न व्हायचं, ही काळजी. त्यामुळे पवनीला कारकुनाची नोकरी लागली आणि बाईंच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले, तेव्हा मी इन्सुलिन बिस्किटांच्या डब्यात घालून आणलं होतं.

"बाई, हे जरा तुमच्या फ्रिजमध्ये ठेवू का? पित्ताचं औषध आहे."

बाईंनी डबा हातात घेतला, उघडला आणि आतल्या पेनांकडे पाहिलं. मग फ्रिजचं दार उघडलं. वरच्या खणात स्टीलच्या पेल्यात त्यांची स्वतःची पेनं उभी होती, अगदी तशीच.

"बाप्पा! हे तं माह्याच घरचे पाहुणे," त्या म्हणाल्या. "ठेव त्याहिच्या बाजूले. अन् पोरी, सुईच्या वेळी खाली येजो. ह्या घरात एकटीनं टोचाचं नाही."

आमच्या भागात बायकाही "मी जातो", "मी करतो" म्हणतात. शाळेत होत्या तेव्हा बाई वर्गावर पुस्तकातलं मराठी बोलायच्या म्हणे, आणि घराचा उंबरा ओलांडला की "मी येतो वं" सुरू. मला ते फार आवडायचं.

आमचं इन्सुलिन जुन्या पद्धतीचं होतं. टोचल्यावर अर्धा तास थांबून मग जेवायचं. सकाळी आणि संध्याकाळी, असे दोन अर्धे तास रोज आमच्या वाट्याला यायचे. आज मागे वळून बघते तेव्हा पवनीतली ती वर्षं म्हणजे तेच अर्धे तास वाटतात. ऑफिस, बदल्या, बढती यांतलं मला फारसं काही आठवत नाही.

त्या अर्ध्या तासात दोन भुकेली माणसं काय बोलणार? खाण्याबद्दलच. चिन्नोरचा भात शिजताना त्याचा वास किती घरं ओलांडून जातो. अंबाडीच्या भाजीत कण्या किती घालायच्या. वैनगंगेचे झिंगे आणि तळ्याचे झिंगे यांत काय फरक. बाई जेवणाचं वर्णन करायला लागल्या की मला घाम फुटायचा. पोटातली भूक कोणती आणि साखर उतरायला लागल्याची कोणती, तेच कळायचं नाही. त्यांना मात्र कळायचं. बोलता बोलता त्या मधेच थांबून माझ्या तोंडाकडे बघत. "ओठ पांढरे होऊन राहिले तुहे. उठ, जेव. अर्धा तास गेला चुलीत." एकदा मी हो-नाही म्हणायच्या आतच त्यांनी गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला होता, आणि माझे हातपाय थरथरायचे थांबेपर्यंत माझं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं होतं. तुमसर-मोहाडीच्या सरहद्दीवर कुठेतरी माझा कान होता. आतून त्यांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

बाई फार जाड होत्या. हे मी प्रेमाने सांगते आहे. त्या खुर्चीत बसल्या की खुर्ची दिसायची नाही. त्यांनी लग्न केलं नाही. "मागाले आलेला प्रत्येक जण बारीक होता, मले भेव वाटे" असं कारण सांगायच्या. बुद्धपौर्णिमेला गल्लीभर वाटायची खीर त्या स्वतः करायच्या. स्वतः चमचाभरच खायच्या, पण त्या चमच्याचा आस्वाद एवढा वेळ घेत की बघणाऱ्याचं पोट भरावं. जेवताना त्या बोलत नसत. डोळे मिटून घेत.

माझं लग्न ठरायचं होतं तेव्हाची गोष्ट. मुलगा मोहाडीकडचा, करडीचा. त्याच्या घरच्यांना मुलगी नोकरीच्या ठिकाणी कशी राहते ते बघायचं होतं, म्हणून कार्यक्रम पवनीला, बाईंच्या घरी ठरला. बाबा आदल्या दिवशीच आले. त्यांनी बाईंना हात जोडून सांगितलं, "मॅडम, सुईचं तेवढं काढू नका. लग्न झाल्यावर पाहू."

"तिच्याबद्दल मी एक शब्द काढणार नाही," बाई म्हणाल्या.

पाहुण्यांना यायला उशीर झाला, म्हणून आमचं सकाळचं जेवण आणि सुई दोन्ही खोळंबली होती. ऊन चांगलंच वर आलं होतं. चहा, पोहे, विचारपूस झाली आणि मुलाच्या आईने जेवायचा आग्रह मान्य केला. मी स्वयंपाकघरात पानं पुसत होते. बाई आत आल्या, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माही वेळ झाली. मी तुह्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. बापाले जबान देल्ली, ते पाळीन. पण माही सुई मी माह्या खुर्चीत घेतो. रोज घेतो, आज बी घेईन. तुही तू पाह्य."

फ्रिजमधून त्यांनी दोन्ही पेनं काढली. माझं ओट्यावर ठेवलं आणि स्वतःचं घेऊन बाहेर गेल्या.

मला आतून सगळं ऐकू येत होतं. "बसा बसा, मी जरा माही सुई घेतो. शुगर आहे मले." मग कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मुलाची आई असावी. बाईंचा आवाज: "आज मोहाडी. तुमचाच तालुका." आणि मुलगा चक्क हसला. मोकळं, चांगलं हसला.

त्या हसण्यामुळे असेल किंवा ओट्यावर एकटं पडलेलं ते पेन बघवेना म्हणून असेल. मी पेन उचललं आणि बाहेर गेले. बाईंच्या शेजारच्या वेताच्या मोढ्यावर बसले, साडीचा काठ सरकवला आणि टोचलं. बाबांनी मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

"तुमाले बी?" मुलाच्या आईने विचारलं.

"हो. दहावीपासून."

"गोळ्यांवर नाही भागत?"

"नाही. माझं सुईशिवाय भागत नाही. आयुष्यभर घ्यावी लागेल."

त्यानंतरच्या अर्ध्या तासात पाहुणे घड्याळाकडे बघत होते. एकट्या बाई बोलत होत्या. करडीकडची जमीन, तिथलं धान, मोहाडीपासून नदी कशी वळण घेते, असं सगळं त्या पाहुण्यांना पाहुण्यांच्याच गावाबद्दल सांगत होत्या. मग पाहुणे जेवले, पोटभर जेवले, आणि गेले. काही दिवसांनी मध्यस्थाकडून नकार आला.

बाबा बाईंशी बोलेनासे झाले. आई फोनवर रडली. नकार कळला त्या संध्याकाळी मी खाली गेलेच नाही. तेव्हा जिन्यावर धाप ऐकू आली. बाई कधीच वर येत नसत; गुडघे साथ देत नसत. त्या अर्धा जिना चढून मधेच बसल्या होत्या. मी दार उघडलं, तर त्यांची पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे.

"माह्यामुळं मोडलं का वं?"

मी विचार केला. मनापासून केला. "नाही बाई. मी माझ्या पायांनी बाहेर आले होते."

"मग जेवाले चाल. मले उठव आधी."

त्यांना त्या जिन्यावरून उठवायला मला आणि शेजारच्या काकूंना मिळून बराच वेळ लागला. मधेच आम्हा तिघींना हसू फुटलं आणि आम्ही परत बसलो. पुढे पवनी सोडल्यावर माझं लग्न झालं, सांगूनसवरून, सगळं उघड ठेवून झालं. पण हसण्याची ती संध्याकाळ नसती, तर मी पुन्हा दार लावून टोचायला लागले असते.

आठवड्याच्या सुईची बातमी बाईंच्या भाच्याने आणली. पुण्याहून फोन करून तो म्हणाला, आत्या, आता आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन आलंय, साखरही उतरते आणि वजनही. त्याच सुमारास बाईंचे गुडघे पार गेले होते, हृदयही थकल्याचं निघालं होतं. आम्ही दोघी एसटीने भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहिले आणि बाईंना म्हणाले, तुम्हाला हे सुरू करता येईल.

"आणि मला?" मी विचारलं.

किती वर्षं रोज टोचत होते मी. आठवड्यातून एकदा, हे शब्द ऐकल्यापासून एसटीत मी दुसरा विचारच केला नव्हता.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी नीट समजावलं. हे इन्सुलिन नव्हे. याने पोट सावकाश रिकामं होतं, भूक कमी लागते, आणि शरीरात स्वतःचं इन्सुलिन शिल्लक असेल तर त्याला जेवणानंतर जोर मिळतो. बाईंच्यात ते अजून थोडं आहे, माझ्यात नाही. "तुम्ही इन्सुलिन एक दिवससुद्धा बंद करायचं नाही," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत बाई रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "माह्या चुलीत निखारा आहे, विझत आलेला. ही नवीन सुई म्हणजे फुंकणी. तुह्या घरी चूलच नाही, तं फुंकून काय होईन? तुले रोज बाहेरूनच शिजवलेलं आणा लागते."

"कळलं मला बाई."

"मग मले बी नको फुंकणी."

"म्हणजे?"

"मी रोजचीच घेईन. आपली जोडी कायले मोडाची?"

औषध आलं आणि स्टीलच्या पेल्यात तसंच पडून राहिलं. मी रोज विचारायची आणि बाई रोज काहीतरी कारण काढायच्या. आज पौर्णिमा आहे, आज पाहुणे आहेत, आज झिंगे आणले आहेत. शेवटी मी चिडले. आयुष्यात बाईंवर चिडले ती तेवढीच. "तुम्हाला मिळतंय आणि तुम्ही घेत नाही. मला मिळत नाही म्हणून मी रडले का? तुम्ही गेलात तर मी कोणासोबत बसू?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे पदर बाजूला केला. "टोच मंग. तूच टोच. तालुका बी तूच ठरव."

मी पवनी निवडली. पहिली सुई माझ्या हातची.

सुरुवातीला फार त्रास झाला त्यांना. मळमळ, उलट्या, पोट फुगलेलं. झिंग्यांच्या वासाने त्या पानावरून उठून गेल्या, तेव्हा मासे विकणारी मावशी दारातच थबकली. "मॅडम नाही म्हणतेत? झिंग्याले?" हळूहळू मळमळ थांबली, डोस वाढत गेला, साखर उतरत गेली. डॉक्टरांनी त्यांचं इन्सुलिन आधी कमी केलं आणि मग थांबवलं. खुर्चीचे हात दिसायला लागले. बाई न थांबता बाजारापर्यंत जाऊन यायला लागल्या. गल्लीतल्या बायका विचारायच्या, आम्हालाही सांगा ना ही सुई, बारीक व्हायचंय. बाई डोळे वटारत. "लुगडं आहे का ते, हिचं तिनं नेसाले? डॉक्टरले पुसा. ज्याची त्याची सुई येगळी."

इन्सुलिन थांबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले. वाटलं होतं, पडवी रिकामी असेल. बाई खुर्चीत होत्या. पदर बाजूला घेतलेला, हात रिकामा, बोट पोटावर ठेवलेलं.

"आज कोणता तालुका?"

"बाई, तुमचं तर..."

"तुले टोचाचं आहे नं? मी नुसतीच बसतो."

आणि त्या बसल्या. रोज सकाळ-संध्याकाळ बसत राहिल्या. पण अर्धा तास तोच राहिला नाही. पूर्वी आम्ही दोघी भुकेल्या असायचो. आता मी एकटीच. त्या चिन्नोरच्या भाताबद्दल बोलायच्या, पण कधीकाळी राहून आलेल्या गावाबद्दल बोलावं तशा. मधेच थांबून विचारायच्या, "अंबाडी आवडे नं मले?" जेवताना त्या डोळे मिटेनाशा झाल्या. चार घास खाऊन ताट सरकवत आणि इकडची तिकडची चौकशी करत. त्या बऱ्या होत होत्या, चालत होत्या, रात्री धाप न लागता झोपत होत्या. मला आनंदच होता. तरी समोर बसलेल्या बाईंकडे बघताना मला बाईंची आठवण यायची. हे कोणाला सांगितलं तर हसतील.

एकदा त्यांनाच सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "मले बी येते," म्हणाल्या. "पण तिचे गुडघे फार दुखत."

मग माझी वर्ध्याला बदली झाली. फोन चालू होते. त्या भरपूर फिरायच्या आणि कुठे कुठे जाऊन आल्या ते सांगायच्या. एका सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. बाई झोपेतून उठल्याच नव्हत्या. हृदयच ते, आधीपासून थकलेलं. डॉक्टर काकूंना म्हणाले, एवढी वर्षं हिंडल्या-फिरल्या हेच खूप. मी ऑफिसात होते. ऐकून घेतलं, सहीला आलेले कागद हातावेगळे केले. वर्ध्याला आता माझी दुपारचीही सुई सुरू होती; डब्यापुढे पेन काढलं, तेव्हा कुठली जागा ते मला सुचेना. सहकारी मैत्रिणीने विचारलं, काय झालं? मी नुसतं पेन दाखवलं.

बदलीच्या आधीच्या हिवाळ्यातला एक दिवस माझ्याजवळ आहे. बाई म्हणाल्या, "उद्या सुट्टी आहे नं तुले? मले टेकडीवर जाचं आहे."

पवनीच्या स्तूपाची टेकडी. तशी मोठी नाही, लहान मुलं धावत चढतात. बाईंनी नोकरीभर पोरांच्या रांगाच्या रांगा तिथे नेल्या होत्या. पुढे वजन वाढलं तशा त्या खाली झाडाखाली बसून पोरांना वर पाठवायला लागल्या, आणि खालूनच ओरडून सांगायच्या, आता उजवीकडे पाहा, आता नदीकडे पाहा. शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी ते वरचं दृश्य डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही हळूहळू चढलो. त्यांनी माझा हात धरला होता, पण भार टाकला नाही. वर पोचल्यावर त्या कमरेवर हात ठेवून गोल फिरल्या. जुन्या विटा, दगड, खाली धान कापलेली शेतं, पलीकडे किल्ल्याची भिंत, आणि लांब वैनगंगा. मी वाट बघत होते, आता बाई शिकवायला लागतील. पण त्या नुसत्या नदीकडे बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

मग म्हणाल्या, "बरोबर सांगत होतो मी पोट्ट्याहिले. नदी तिथीच आहे."

आम्ही दगडावर बसलो. त्यांनी सकाळी उठून डबा केला होता. चिन्नोरचा भात, वरण, वांग्याची भाजी, आणि एका वाटीत झिंगे. झाकण काढलं आणि वास सुटला. मी आधीच टोचून घेतलं होतं, अर्धा तास होत आला होता, आणि मला अशी भूक लागली होती की बोलवत नव्हतं. बाईंनी एक झिंगा उचलला, तोंडात घातला, सावकाश चावला. मग हात धुतला.

"बस?" मी म्हणाले.

"बस. मले एवढंच जाते." त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि भाताच्या ढिगात आपल्या हाताने खड्डा करून त्यात वरण ओतलं, लहान पोरासाठी करतात तसं. "आता तू जेव. पोटभर जेव. मी पाहतो."

मी जेवायला लागले. समोर एवढी नदी, एवढी शेतं, इतक्या वर्षांनी दिसलेली. बाईंनी तिकडे पाठ केली, माझ्याकडे तोंड करून बसल्या, आणि मी एकेक घास घेत गेले तसे त्यांचे डोळे हळूहळू मिटत गेले.